पडदे रंगवतो, नागपूरच्या कार्यशाळेला जाऊ का?

रंगारी_सिंदेवाही:
नमस्कार मंडळी. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवतो. महाल, जंगल, गावचा रस्ता, झोपडी. मांजरपाटावर सरस घालून पावडर रंग, वडिलांपासून शिकलो. दिवाळी ते होळी वडसाच्या नाटक कंपन्यांचं काम, बाकी दिवस शाळेच्या भिंती नाहीतर धानाची बांधी. दुकानाच्या पाट्या होत्या, त्या फ्लेक्सनं खाल्ल्या.

नागपूरला १० दिवसांची नेपथ्याची कार्यशाळा आहे. फी ६,००० रुपये, राहणं-खाणं आपलं. नेमके धानाच्या रोवणीचे दिवस, म्हणजे माझ्या जागी मजूर लावावा लागेल. बायको म्हणते, "वीस वर्षं झाले पडदे रंगवता, आता तुमाले कोन काय शिकवन?"

तिचंही चुकत नाही. मागे एका ठिकाणी ३ दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. एक दिवस उद्घाटनात गेला, एक दिवस एक सर 'स्वतःचा ब्रँड' यावर बोलले, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. ब्रश कोणी हातात धरला नाही. प्रमाणपत्रावर आडनावही चुकलेलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गेल्या सिझनला एका शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नाटक होतं, कंपनीनं नवे एलईडी दिवे आणलेले. महालाचे खांब मी लालभडक केले होते. दुसऱ्या अंकात निळा लाईट पडला अन् खांब कोळशासारखे काळे! समोरून एक पोट्टा ओरडला, "महाल जळला बे!" राजाच हसला. हॅलोजनच्या काळात असं कधी झालं नाही. हे कुठं शिकायचं?

पेटीवाला_वडसा:
भाऊ, पोट्टा बरोबरच बोलला. लाल रंग लाल दिसाले उजेडात लाल असा लागते. निळ्या दिव्यात तो नसतेच, मंग काळा दिसन नाही तं काय? हॅलोजनचा उजेड पिवळसर, त्यात लाल भरपूर, म्हणून इतके वर्षं निभावलं. जुन्या पडद्याच्या तुकड्यावर सगळ्या रंगायचे पट्टे मारा, लाईटवाल्याले एक संध्याकाळ चहा पाजा अन् एकेक दिवा टाकून पाहा. फुकटचं शिक्षण. अन् फी भरायच्या आधी इचारा, शिकवनाऱ्यानं स्वतः कधी पडदा बांधला का?

आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेजींले २०२३ मंदी पद्मश्री भेटली, आमा सगळ्यायची छाती फुगली. पण रंगाऱ्याचं नाव पोस्टरवर कदी येते जी?

बांबूवाली_मूल:
दादा, टोपल्या मला आईनंच शिकवल्या. तरी चिचपल्लीच्या बांबू केंद्रात गेले. तिथं बोरॅक्स अन् बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबूच्या कामट्या भिजवणं शिकले. त्याआधी भुंगा लागून टोपलीखाली पिठासारखा भुगा पडायचा, एकदा सगळा माल परत आला होता.

पण खरा फायदा हिशेबाचा झाला. दिव्याची शेड २५० ला विकायची, वाटे लय सुटतात. बांबू, बसभाडं, पॉलिश मिळून १३० जायचे. उरले १२०, अन् एका शेडला माझे दीड दिवस. म्हणजे रोज ८० रुपये! निंदायला गेले असते तर जास्त आले असते. आता ४५० ला देते. काही गिऱ्हाईक तुटले, तुटू द्या.

सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत आम्हा टोपलीवाल्यांना प्रशिक्षणाचे दिवसाला ५०० मिळतात. त्यांच्या १८ धंद्यांच्या यादीत पडदे रंगवणारा नाही. म्हणून रोवणीची मजुरीही फीमध्ये धरा.

रंगारी_सिंदेवाही:
ताई, मजुरी धरून हिशेब मांडला. बायकोला सांगितला नाही.

पेटीवाले भाऊ, पट्टे मारून पाहिले. लालच नाही, शेंदरीही गेला. खांबाच्या कडेला पांढरी रेघ ओढली तर निदान खांब आहे एवढं कळते.

कार्यशाळेत फोन केला. दिव्यांवर २ दिवस आहेत अन् शिकवणारा नाटकाचा लाईटवालाच आहे. म्हटलं, तेवढेच दोन दिवस येतो, तेवढेच पैसे घ्या. मॅडम विचारून सांगणार आहेत. महालाचा पडदा घेऊन या म्हणाल्या. आता एवढंच सांगा, बावीस फुटी पडद्याची गुंडाळी कंडक्टर एसटीत घेऊ देईल का?