उन्हाळी सुट्टीत शाळेतली रोपं जगवायची कशी?

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. वृक्षारोपणानंतरच्या काळाबद्दल मदत हवी आहे.

जुलैत रोपं लागतात, फोटो वर पाठवले जातात. शाळा भरते तोवर पाण्याची अडचण नसते. पोषण आहारानंतर मुलं हात-ताटं धुतात, ते पाणी चर काढून परसबागेला आणि रोपांना दिलंय. चर मुलांनीच उतार बघून काढले; कुठल्या रोपाला पाणी पोचत नाही हे तीच मला सांगतात. पण मे महिन्यात शाळा बंद, चर कोरडे. गावालाच टँकरची वाट बघावी लागते. जूनमध्ये येऊन बघावं तर काड्या उरलेल्या. शेळ्यांचा त्रास वेगळाच.

पाणीबचतीवर दहा ओळी आमचं कुठलंही मूल लिहून देईल. पण आपण लावलेलं झाड मरतंच, हेही ती दरवर्षी शिकतायत, आणि त्याची मला फार काळजी वाटते. एका मुलीनं विचारलं, "बाई, यंदा त्याच खड्ड्यात लावायचं का?"

आमच्याकडे जुलैपेक्षा सप्टेंबर आणि परतीचा पाऊस जास्त भरवशाचा. तेव्हा लावली तर उन्हाळ्याआधी मुळं धरतील का? की जूनलाच लावणं बरं? बुडाला छिद्र पाडून वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरतात, ते मुरमाड जमिनीत एकदा भरलं की किती दिवस पुरतं? पाचोळ्याचं आच्छादन केलं की वाळवी लागते, त्यावर काय करता? रोपवाटिकेतून गुलमोहर आणि सुरूच जास्त मिळतात. त्यापेक्षा मुलांनी बिया गोळा करून करंज, कडुनिंब, बोर, चिंचेची रोपं शाळेतच करावीत असं मनात आहे. ती पिशवीत किती वाढू द्यावीत?

सुट्टीत मुलांच्या पाळ्या लावा, असं काही जण सुचवतात. पण निम्मी मुलं मामाच्या गावाला जातात, आणि मेच्या उन्हात लहान मुलांना घागरी उचलायला लावणं मला पटत नाही.

ज्यांच्या शाळेतली झाडं दोन-तीन उन्हाळे काढून उभी आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सुट्टीत पाणी नेमकं कोण घालतं आणि ते कुठून आणतं, हे तर नक्की सांगा.