मदत हवी आहे: एसव्हीडी वॉटरमार्किंगमध्ये न घातलेला लोगोही सापडतोय

नमस्कार मंडळी,

प्रतिमेच्या मालकीहक्कासाठी अदृश्य वॉटरमार्क घालण्यावर माझा प्रबंध चालू आहे. ५१२×५१२ ची ग्रेस्केल प्रतिमा, तिच्यावर हार वेव्हलेट (प्रतिमेचे ठळक आणि बारीक तपशिलांचे पट्टे वेगळे करणारं रूपांतर) दोनदा, त्यातून मिळणारा १२८×१२८ चा एलएल पट्टा, म्हणजे प्रतिमेचं लहान, ठळक रूप, आणि त्याचं एसव्हीडी (सिंग्युलर व्हॅल्यू डीकम्पोझिशन: मॅट्रिक्सचे यू, एस, व्ही असे तीन भाग पाडणं; सिंग्युलर व्हॅल्यू एसमध्ये असतात). मग एस मॅट्रिक्समध्ये अल्फाने (लोगो किती जोरात घालायचा ते ठरवणाऱ्या आकड्याने) गुणलेला लोगो मिळवायचा, त्या बेरजेचं पुन्हा एसव्हीडी करायचं आणि आलेल्या नव्या सिंग्युलर व्हॅल्यू मूळ यू-व्हीमध्ये बसवून प्रतिमा परत उभी करायची. लोगो काढताना दुसऱ्या एसव्हीडीचे यू-व्ही आणि मूळ एस किल्ली म्हणून लागतात. लिऊ आणि टॅन यांनी २००२ मध्ये मांडलेल्या पद्धतीचंच हे वेव्हलेटमधलं रूप.

जेपेग, ब्लर, नॉइज, सगळ्या चाचण्यांत लोगो स्वच्छ निघतो. पीएसएनआर, म्हणजे वॉटरमार्क घातलेली प्रतिमा मूळ प्रतिमेच्या किती जवळ आहे ते सांगणारं माप, ४० डीबीच्या वर. अडचण पुढे आहे. ज्या प्रतिमेत मी काहीच घातलेलं नाही, तिच्यातूनही त्याच किल्लीने लोगो निघतो! आणि दुसऱ्याच एका लोगोचे यू-व्ही दिले, तर माझ्या प्रतिमेतून तो दुसरा लोगो बाहेर येतो. म्हणजे उद्या कुणीही उठून माझ्या चित्रावर हक्क सांगू शकतो, आणि ज्यासाठी हा खटाटोप, तेच साधत नाही.

मला समजलंय ते असं: लोगोचा आकार, कडा, अक्षरं हे सगळं यू आणि व्हीमध्ये असतं. सिंग्युलर व्हॅल्यू फक्त कुठला घटक किती जोरकस ते सांगतात. आपण प्रतिमेत घालतो त्या सिंग्युलर व्हॅल्यू, आणि लोगो मात्र किल्लीतच बसलेला असतो. हे बरोबर आहे का? असेल तर हीच पद्धत दुरुस्त करावी की मुळापासून बदलावी? लोगो काढताना मूळ प्रतिमा लागू नये, एवढी माझी अट आहे.

उत्तर

तुमचं निदान अचूक आहे. या पद्धतीवर हाच आक्षेप २००५ मध्ये छापूनही आला होता, तरी त्यानंतर तीच रचना अल्फा बदलून कितीतरी निबंधांत आली. मजबुतीच्या तक्त्यांवर लोक भाळतात, पण कोऱ्या प्रतिमेवरची चाचणी त्या तक्त्यांत नसते. तुम्ही ती केलीत, हे प्रबंधात ठळकपणे लिहा.

दुरुस्तीचा एक मार्ग असा की लोगोचे यू आणि एस यांचा गुणाकार प्रतिमेत घालायचा आणि किल्लीत फक्त व्ही ठेवायचा. पण तिथेही काढताना मूळ प्रतिमेचा डेटा लागतो, म्हणून तुमच्या अटीत ते बसत नाही. माझ्या मते क्यूआयएमकडे, म्हणजे क्वांटायझेशन इंडेक्स मॉड्युलेशनकडे वळा (चेन आणि वॉर्नेल, २००१); त्यात किंमत ठरावीक जाळीवर सरकवून बिट घालतात. एलएल पट्ट्याचे ४×४ चे ब्लॉक पाडा, १०२४ मिळतील. प्रत्येक ब्लॉकची सर्वांत मोठी सिंग्युलर व्हॅल्यू डेल्टा अंतराच्या दोनपैकी एका जाळीवर नेऊन बसवा: एक जाळी शून्य बिटाची, दुसरी अर्ध्या डेल्टाने सरकलेली, एक बिटाची. काढताना जवळची जाळी कुठली तेवढंच पाहायचं. डेल्टाच्या पाव भागापेक्षा कमी चूक सहन होते. १०२४ बिट्सचा लोगो घालण्यापेक्षा ६४ बिट्सचा ओळखक्रमांक १६ वेळा घाला आणि ब्लॉकचा क्रम गुप्त किल्लीने विस्कटा.

आता यातली मेख. प्रतिमा जरा उजळ केली, म्हणजे सगळ्या किमती एकाच पटीत वाढल्या, की जाळी चुकते. त्यावर रॅशनल डिदर मॉड्युलेशन वाचा. त्यात किंमत थेट न घेता आधीच्या ब्लॉकशी असलेलं तिचं गुणोत्तर घेतात. क्रॉप आणि रोटेशनवर मात्र यातलं काहीच चालत नाही, तिथे ब्लॉकची जुळणीच मोडते.

आणखी एक. तुमचा एनसी (नॉर्मलाइज्ड कोरिलेशन: काढलेला लोगो मूळ लोगोशी किती जुळतो त्याचं माप) लोगोची सरासरी वजा करून काढलाय का? नसेल तर दोन असंबद्ध लोगोंचाही एनसी मोठा दिसतो, कारण पिक्सेलची कुठलीच किंमत ऋण नसते.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. एनसी सरासरी वजा न करताच काढलाय, आजच परत मोजतो. क्यूआयएमबद्दल एक शंका: डेल्टा सगळ्या ब्लॉकना एकच ठेवला तर आकाशासारख्या सपाट भागात डाग दिसतील असं वाटतं. ब्लॉकच्या पोतानुसार डेल्टा बदलला, तर काढताना तोच डेल्टा परत कसा मिळवायचा? जेपेगनंतर पोतही बदललेला असणार.