आईंचं वजन उतरवताना

तुम्ही आईंच्या वजनाबद्दल विचारलंत: त्या सत्तरीच्या, वजन ७० किलो, गुडघे दुखतात म्हणून वजन उतरवायला रात्रीचं जेवण बंद करून नुसतं वरणाचं पाणी चालू आहे. हे नका करू. नुसती उपासमार केली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि या वयात ते सहजी परत येत नाहीत. पोट सुटलेलं, पण मांड्या-पिंढऱ्या वाळलेल्या, असा हा प्रकार. काट्यावर तो कळतच नाही.

घरीच बघा: हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी, असा आशियाई तज्ज्ञगटाचा २०१९चा निकष आहे. (गुडघेदुखीनेही वेळ लागतो, ते धरून चाला.)

या वयात प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे आईंना सत्तर ग्रॅमच्या पुढेच. पातळ वरणाच्या वाटीत फार तर चार-पाच! चहा-खारीऐवजी मुगाचं धिरडं, दुपारी घट्ट वरण किंवा उसळ, वर दही. अंडं चालत असेल तर उत्तमच, एकात सहा ग्रॅम. कात्री चालवायची तर साखर, तेल, फरसाणावर. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि नुसतं चालणं पुरत नाही. २०१७च्या एका अमेरिकी चाचणीत वजन घटवणाऱ्या लठ्ठ ज्येष्ठांपैकी फक्त चालण्यासारखे व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू जास्त घटले, वजनं उचलणाऱ्यांचे कमी. फिजिओथेरपिस्टकडून स्नायूंवर असाच ताण देणारे रबरी पट्ट्यांचे व्यायाम शिकून घ्या.