मोरी, सुरमई आणि टिनातला ट्यूना: सातव्या महिन्यात काय खाऊ?

वेंगुर्लेकरीण:
मी एडिसन, न्यू जर्सीला असते. सातवा चालू आहे. मासे नसले की मला उपास घडल्यासारखं वाटतं. परवा ऑफिसात माझं ट्यूना सँडविच बघून मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यात पारा असतो!" घरी येऊन वाचत बसले. पर्यावरणवाले म्हणतात जपून खा, मासेवाल्या कंपन्या म्हणतात न खाण्यानंच बाळाचं नुकसान. डॉक्टरीणबाईंनी एक सरकारी तक्ता हातात ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यात 'टाळा' या रकान्यात किंग मॅकरल आणि शार्क. माझ्या फ्रीजरमध्ये देशी दुकानातली सुरमई आहे, पाकिटावर 'किंग फिश' लिहिलंय. हीच का ती? शिवाय आई बाळंतपणाला येतेय. दूध यावं म्हणून मोरीचं मटण करायचं हे तिचं ठरलेलं. मोरी म्हणजे शार्कच ना?

सॅनहोजेकर:
बायकोच्या वेळी मी याच भांडणात डोकं घातलं होतं. दोन्ही बाजू खोटं बोलत नाहीत, सोयीचं तेवढं बोलतात.

इथे कॅलिफोर्नियाने २००४ साली तीन मोठ्या ट्यूना कंपन्यांवर खटला भरला, डब्यावर पाऱ्याचा इशारा छापा म्हणून. २००६ मध्ये कंपन्या जिंकल्या. २००९ मध्ये अपिलातही निकाल टिकला, तो माशातला पारा 'नैसर्गिक' आहे या मुद्द्यावर. म्हणजे डब्यात पारा नाही असं कोर्ट म्हणालेलं नाही! ओशियाना या समुद्र वाचवणाऱ्या संस्थेने दुकानांच्या मागे लागून मासळीच्या काउंटरवर सरकारी सल्ल्याच्या पाट्या लावायला लावल्या. उलट २००७ मध्ये माता-बालकांसाठी काम करणाऱ्या एका गटाने गरोदर बायकांना आठवड्याला किमान १२ औंस मासे खायला सांगितलं आणि मागाहून कळलं की मासेउद्योगाच्या संघटनेने त्यांना ६०,००० डॉलर दिले होते. तेव्हापासून मी आधी पैसे कुणाचे ते बघतो.

आता हिशेब. ईपीएची, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण खात्याची, पाऱ्याची मर्यादा दर किलो वजनामागे रोज ०.१ मायक्रोग्रॅम. तू ६० किलोची धर, आठवड्याला ४२ झाले. पांढऱ्या अल्बाकोर ट्यूनात सरासरी ०.३५ पीपीएम (दर ग्रॅममागे ०.३५ मायक्रोग्रॅम) पारा, म्हणजे ११३ ग्रॅम खाल्लास की ४० मायक्रोग्रॅम. आठवड्याचा कोटा तिथेच संपला. 'लाइट' ट्यूनात त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. मर्यादा ठरवतानाच सुरक्षेसाठी ती दहापट खाली ठेवलेली असते, त्यामुळे एखादा डबा जास्त झाला म्हणून रडत बसू नकोस.

तक्त्यातला किंग मॅकरल अटलांटिकचा. आपली सुरमई वेगळी, पण कूळ तेच आणि सवयही तीच, मोठी होऊन दुसरे मासे गिळायची. मी असतो तर पाकीट नवऱ्याला दिलं असतं.

पेडवे_प्रेमी:
आमच्या आजीने मोरी खाऊनच सात बाळंतपणं काढली. काही झालं नाही कुणाला.

सॅनहोजेकर:
आजीची मोरी हातभर लांबीची असायची हो, तिला पारा साठवायला वेळ तरी कुठे मिळायचा? इथल्या दुकानातला तुकडा केवढ्या धुडाचा आहे ते कोण सांगणार? आणि तक्ता अंगावर पाजणाऱ्यांनाही लागू आहे. हळद-कोकम लावा, कडक तळा, पारा मांसातच बसलेला असतो, जात नाही.

पेडवे_प्रेमी:
बरं, मग पेडवे खा गो. तारले, कोळंबी, बांगडा. लहान मासळी, लहान आयुष्य. बांगड्याचं तिखलं कर, तिरफळं आईला आणायला सांग.

वेंगुर्लेकरीण:
आईला फोन केला. मोरीवरून दहा मिनिटं घुश्शात होती, मग म्हणाली, "पेडवे गावतत थंय?" कोरियन दुकानात सार्डिन बघून आले, चांगले ताजे आहेत, पण साफ करून देत नाहीत. या पोटाने ओट्याशी उभं राहवत नाही. एडिसनच्या आसपास मासे साफ करून देणारं कुणी माहीत आहे का?