अर्धवट किट घेताय? आधी कागद मागा

वर विचारलंय की अमेरिकेत कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं आरव्ही-७ चं (घरी जोडून बांधायच्या छोट्या विमानाचं) किट स्वस्तात मिळतंय, घेऊ का आणि पुढे एन नंबर, म्हणजे विमानाचा अमेरिकन नोंदणी क्रमांक, मिळेल का. मिळतो, पण भाव करायच्या आधी कागद बघा. किट बनवणाऱ्या कंपनीने पहिल्या गिऱ्हाइकाला दिलेलं बिल ऑफ सेल (विक्रीचा कागद) आणि तिथून तुमच्यापर्यंत जितके हात बदललेत तितक्यांच्या सहीची बिलं, ही साखळी तुटली की एफएए कडे (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) मालकी सिद्ध करताना घाम फुटतो. रजिस्ट्रेशनला फॉर्म ८०५०-१ (नोंदणीचा अर्ज) आणि नोटरी केलेलं ८०५०-८८ (मालकीचं प्रतिज्ञापत्र) लागतं, फी फक्त ५ डॉलर.

खरी गोची ५१ टक्क्यांच्या नियमाची. हौशी बांधणीचं विमान म्हणून मान्यता हवी तर अर्ध्याहून जास्त काम हौशी लोकांनी स्वतः केलेलं हवं, आधीच्या हौशी मालकाचं कामही त्यात धरतात पण पैसे देऊन करून घेतलेलं धरत नाहीत. म्हणून आधीच्या मालकाची लॉगबुक (बांधकामाची नोंदवही) आणि फोटो मागाच. माझ्या मित्राला शेपटीच्या भागासोबत एक बुटांचा खोका मिळाला, त्यात पावत्या आणि हातात रिव्हेट गन धरलेल्या जुन्या मालकाचे तेलकट फोटो, इन्स्पेक्टरने सगळ्यात जास्त वेळ तोच खोका चाळला!

आणि नंबर मिळाला म्हणजे उडायची परवानगी मिळाली असं नाही हां, एअरवर्दिनेस सर्टिफिकेट (विमान उडवण्यालायक असल्याचा दाखला) वेगळं, त्यानंतर साधारण २५ किंवा ४० तास टेस्ट फ्लाइंग. आपल्या कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना रजिस्ट्रेशनसाठी किती वर्षं झगडावं लागलं ते आठवा, त्यामानाने हे सोपंच.

लॉगबुक आहे का ते विचारून इथे सांगा.