मदत हवी आहे : प्रयोगात तयार केलेला क्षार रात्रीत विरघळतो

समुद्रकाठ (देवगड) :
माझी मुलगी दहावीत आहे आणि परवा तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. क्षार तयार करणे हा तिचा विषय असून तिने पुस्तकातल्या रीतीने द्रावण गाळले, आटवले आणि पांढरा क्षार मिळवला; परंतु बशीत झाकून ठेवलेल्या त्या क्षाराचे सकाळपर्यंत पाणी झालेले असते. पुन्हा आटवला तरी तेच होते. तो कोरडा राहण्यासाठी काय करावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

खडूफळा :
कोणते आम्ल घेतले आणि ते कशाबरोबर मिसळले, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले असेल तर साधे मीठ मिळते आणि शुद्ध मिठाचे असे पाणी होत नाही.

रातांबा :
दर्शक म्हणून, म्हणजे रंग बदलून आम्ल ओळखून देणारा पदार्थ म्हणून, आमसुलाचे पाणी अवश्य ठेवावे. आम्लात ते लाल राहते आणि खाण्याचा सोडा घातला की रंग पालटतो. परीक्षकांना स्थानिक वस्तू आवडतात.

समुद्रकाठ :
दर्शकाची अडचण नाही. आम्ल हायड्रोक्लोरिक आहे आणि त्यात तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांची पूड घातली आहे. कोकणात शिंपल्यांशिवाय दुसरे काय घेणार?

खडूफळा :
मग मुलीच्या हातून काहीही चुकलेले नाही. शिंपले म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यापासून कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. कॅल्शियम क्लोराइड हवेतली वाफ इतक्या जोराने ओढून घेते की शेवटी त्याच पाण्यात ते स्वतः विरघळते, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत इतर पदार्थ कोरडे ठेवण्यासाठी त्याचा उपयोग करतात. शिवाय सहा रेणू स्फटिकजल (स्फटिकात बांधलेले पाणी) असलेले त्याचे स्फटिक सुमारे ३० अंश सेल्सिअसलाच वितळतात. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ते हवाबंद नसलेल्या बशीत कोरडे राहणे शक्यच नाही. पूड थोडी शिल्लक राहीपर्यंत घातली होती ना? नाहीतर द्रावणात आम्ल उरते.

भट्टीवाला :
एवढा विचार कशाला करायचा? कढईत घालून गॅसवर पूर्ण कोरडे होईपर्यंत भाजावे आणि गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे.

खडूफळा :
ॲल्युमिनियमच्या कढईत मुळीच नको, कारण उरलेले आम्ल ॲल्युमिनियम खाते आणि त्यातून हायड्रोजन निघतो. चिनी मातीचे बाष्पनपात्र घ्यावे, आणि आटवण्यापूर्वी द्रावणात आम्ल उरले आहे का, ते लिटमसने तपासावे.

मोरचूद :
शिंपल्यांचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विरल सल्फ्युरिक आम्ल कोमट करून त्यात काळे कॉपर ऑक्साइड विरघळेनासे होईपर्यंत घालावे, गाळावे आणि निळे द्रावण सावकाश थंड होऊ द्यावे. मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) स्फटिक दमट हवेतही टिकतात.

समुद्रकाठ :
विषय आता बदलता येणार नाही, फलकही रंगवून झाला आहे. आम्ल दुकानातून आणलेले, किंचित पिवळसर आहे. त्याने काही बिघडते का?

खडूफळा :
तो पिवळेपणा बहुधा लोहाच्या अंशामुळे आहे. मात्र असे आम्ल तीव्र असते. मोठ्या माणसाने मोकळ्या हवेत, डोळ्यांना चष्मा लावून ते थोडे थोडे पाण्यात ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये.

नारळीबाग :
फलक न बदलता मार्ग निघतो. नारळाला घालतात ते मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळवून तुमच्या गाळलेल्या द्रावणात मिसळावे. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसते, कारण १ लिटर पाण्यात ते जेमतेम २ ग्रॅम विरघळते. गाळून, धुऊन वाळवले की ते कोरडेच राहते.

मोरचूद :
परंतु तो अवक्षेप (द्रावणातून खाली बसलेला साका) झाला, आम्लापासून थेट केलेला क्षार नव्हे. परीक्षक नक्की विचारतील.

नारळीबाग :
विचारले तर दोन्ही पायऱ्या सांगाव्यात. पहिली आम्ल आणि कार्बोनेट यांची, दुसरी दोन क्षारांची. अविद्राव्य क्षार असेच करतात. शिंपल्यांत थेट सल्फ्युरिक आम्ल घातले तर दाण्यांवर याच जिप्समचा थर बसून अभिक्रिया मंदावते, हेही तिला सांगता येईल.

समुद्रकाठ :
हा उपाय जमण्यासारखा वाटतो. साका कितपत धुवावा?

खडूफळा :
गाळणातून उतरणाऱ्या पाण्याच्या थेंबात सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर क्लोराइडमुळे येणारा पांढरा गढूळपणा जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत. क्लोराइड उरले तर साका पुन्हा ओलावेल. धुताना पाणी थोडेच वापरावे, नाहीतर साकाही थोडाफार वाहून जाईल.