मोगऱ्याला आधी ताण द्या
तुमचा कुंडीतला मोगरा पानांनी गच्च भरलाय आणि कळी एकही नाही, हा तुमचा प्रश्न वाचून माझी पुण्यातली गच्ची आठवली. त्यावर उत्तर म्हणून कुणीतरी अजून खत घाला म्हटलंय. कृपा करून आत्ता नको. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की मोगरा नुसता पाला वाढवतो. आधी ऊन बघा. रोज 5-6 तास थेट ऊन नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया.

मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून छाटणी हवीच. पण त्याआधी ताण, म्हणजे पाणी तोडणं: मी डिसेंबरअखेर पाणी कमी करत नेते. पानं पिवळी पडून गळायला लागतात तेव्हा जीव कळवळतो, पण हात आवरते. जानेवारीच्या शेवटी प्रत्येक फांदी पानांच्या जोडीच्या जरा वर, साधारण निम्म्यावर कापायची. उरलेली पानंही हाताने काढायची. मग माती उकरून दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत आणि भरपूर पाणी. काही दिवसांत पेरापेरातून पोपटी फूट डोकावते, आणि पुढे तिच्या टोकाला बहुधा तीन कळ्यांचा झुबका. मधली आधी उमलते.

झुबका फुलून गेला की ते टोक लगेच खुडा, खालून पुन्हा फूट येते.